कूलरसमोरचा घाम

बाळ बघायला येणाऱ्या बायका आधी नाक बघतात, मग रंग, आणि मग कोणावर गेलंय ते ठरवून टाकतात. आमच्या लेकीच्या बाबतीत ते ठरेना. नाकाचा दांडा बसका, डोळ्यांच्या बाहेरच्या कडा वर चढलेल्या, आतल्या कोपऱ्यावर कातडीची बारीक घडी, कान इवलेसे. नणंद "वेगळीच दिसते गं" म्हणाली आणि लगेच गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या बालरोगतज्ज्ञांनी नाकाडोळ्यांकडे फार वेळ बघितलंच नाही. त्यांनी तिला पोटाखाली हात घालून पालथं उचललं. एरवीचं बाळ अशा वेळी अंग थोडं तरी आवळतं, मान वर करायची धडपड करतं. आमची लेक त्यांच्या तळहातावरून दोन्हीकडे ओल्या टॉवेलसारखी लोंबली. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, त्यामुळे दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. मग त्यांनी तिची मूठ उघडून तळवा बघितला, करंगळी बघितली, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यातली फट बघितली, मानेमागची सैल कातडी चिमटीत धरली. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मला डाउन सिंड्रोमची शंका आहे. रक्त पाठवू. पण त्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. हृदयाचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, याच आठवड्यात करून घ्या."

यांनी विचारलं, "हृदयात काही आवाज येतोय का?"

"नाही येत. तरी करायचा."

हे उत्तर तेव्हा विचित्र वाटलं. पुढे त्याचा अर्थ कळला, तो सांगतेच.

घरी सगळ्यांचं लक्ष गेलं ते तळहातावरच्या रेषेकडे. साधारण हातावर वरच्या बाजूला दोन आडव्या रेषा असतात, हिच्या दोन्ही हातांवर एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सासूबाईंनी देवघरातल्या उजेडात स्वतःचा हात बघितला तर त्यांच्याही डाव्या तळव्यावर तशीच रेषा! त्या घाबरल्या. म्हणजे माझ्याकडून आलं की काय? डॉक्टर हसले. साध्या धडधाकट शंभर माणसांतही दोन-चार जणांच्या हातावर अशी रेषा निघते, आणि डाउन सिंड्रोम असलेल्या निम्म्या मुलांच्या हातावर ती नसतेही. एकेका खुणेला अर्थ नसतो, पुष्कळ खुणा एकत्र दिसल्या की शंका येते, आणि शेवटी सांगतं ते रक्त. शिवाय या दिसणाऱ्या खुणांनी मुलीला काडीचा त्रास होत नाही. त्रास देणारं जे असतं ते बहुतेक आत असतं आणि ते मुद्दाम शोधावं लागतं. मला हे पटायला वेळ लागला, कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण डोळ्यांबद्दलच बोलायचा.

रक्ताच्या तपासणीला कॅरिओटाइप म्हणतात. हिरव्या झाकणाच्या नळीत थोडंसं रक्त घेतात. त्यातल्या पेशी जिवंत ठेवून प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात, म्हणून रिपोर्टला दोन-तीन आठवडे जातात. लॅबवाल्याने शनिवारी रक्त घ्यायला साफ नकार दिला. रविवारी कुरिअर अडकलं की नमुना वाया जातो म्हणे. रिपोर्टमध्ये एकच ओळ कामाची होती: ४७, एक्सएक्स, +२१. म्हणजे ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं, मुलगी, आणि एकविसावं एक जास्तीचं. शंभरातल्या पंच्याण्णव मुलांत असंच असतं. थोड्या मुलांत ते जास्तीचं गुणसूत्र दुसऱ्याला चिकटून आलेलं असतं. तसं निघालं तर आईवडिलांचंही रक्त तपासतात, कारण पुढच्या बाळाचा हिशेब बदलतो. आमचं तसं नव्हतं.

आता दोष कोणाचा, हे ठरवायला सगळे मोकळे झाले. आमचं लग्न नात्यातलं, हे माझ्या आत्याचेच चिरंजीव. आमच्याकडे हे काही नवीन नाही, तरी एकदम सगळ्यांना ते आठवलं. कोणी ग्रहण काढलं, कोणी पाचव्या महिन्यात मी कारखान्यात जात होते ते काढलं. समुपदेशनाला बसलेल्या मॅडमनी ह्यांच्या आईला समोर बसवून सांगितलं, की बीज तयार होताना एकविसाव्या गुणसूत्राची जोडी सुटायची राहून जाते, ते नात्यातल्या लग्नाने होत नाही, ग्रहणाने नाही आणि कामाने तर नाहीच. आईचं वय वाढेल तशी शक्यता वाढते हे खरं. पंचविशीत साधारण बाराशेत एक, चाळिशीला शंभरात एक. पण तरुण बायकांना बाळं जास्त होतात, म्हणून अशी बरीच मुलं पस्तिशीच्या आतल्या आयांच्याच पोटी येतात. मी सत्तावीस वर्षांची होते. १८६६ मध्ये लँगडन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी या मुलांचं वर्णन लिहिलं, आणि जास्तीचं गुणसूत्र सापडलं ते १९५९ मध्ये, फ्रान्समध्ये. मधल्या त्र्याण्णव वर्षांत किती आयांनी बोलणी खाल्ली असतील! सापडल्यावरही खातातच, ते सोडा.

आता एको.

या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. हिच्या हृदयात एव्ही कॅनाल निघाला. चार कप्पे जिथे मधोमध मिळतात तिथेच भोक, आणि दोन झडपांच्या जागी एक सामाईक झडप. डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर चौकोन काढून मधे गोल केला, तो कागद अजून फाइलमध्ये आहे. आवाज का येत नव्हता तेही त्याच कागदावर कळलं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसातला दाब अजून उतरलेला नसतो. भोक मोठं आणि दोन्ही बाजूंना दाब सारखा, मग रक्त जोराने इकडून तिकडे जात नाही आणि स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही. काही आठवड्यांत फुप्फुसातला दाब उतरतो, रक्ताचा लोंढा तिकडे वळतो आणि मग खरा त्रास सुरू होतो. म्हणजे पहिल्या आठवड्यात छाती शांत आहे म्हणून आपण निर्धास्त व्हावं, आणि दुसऱ्या महिन्यात पोर धापा टाकायला लागावं.

आमचा दुसरा महिना म्हणजे एप्रिल. सोलापूरचा एप्रिल-मे काय असतो ते सोलापूरकराला सांगायला नको, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. पोर दूध पिताना घामाने निथळायची. सगळ्यांचं एकच, "उन्हाळाच आहे बाई, मोठ्यांना सोसेना, लेकराचं काय." मलाही तेच वाटायचं. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घाम कुठे येतो? मांडीवर, पाठीवर, की कपाळावर? आणि झोपलेली असताना येतो की पिताना?" म्हणाले, आज घरी जाऊन कूलरसमोर बसून पाजा आणि बघा.

बघितलं. कूलर पुरा सोडलेला, माझ्या दंडावर काटा आला होता, आणि तिच्या कपाळावर केसांच्या मुळाशी बारीक बारीक थेंब जमायला लागले. चार घोट प्यायची, सोडायची, धापा टाकायची, पुन्हा तोंड लावायची. पाच मिनिटांत दमून झोपी जायची, आणि अर्ध्या तासात भुकेने उठायची. बाळाला पिण्याचेच श्रम होत होते. त्या दिवसापासून वेळ बांधली: थोडं अंगावर, बाकीचं काढून वाटी-चमच्याने.

आशाताईंनी श्वास मोजायला शिकवलं. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे नाहीत. नजर छातीवर नको, पोटावर ठेवायची, आणि बाळ शांत झोपलेलं असताना. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा जास्त म्हणजे जलद. मी रोज रात्री कारखान्याच्या जुन्या कीर्दवहीत आकडा लिहायची. पंचावन्न. अठ्ठावन्न. बासष्ट. लघवी वाढवणारं औषध सुरू झालं. ते सुईविना सिरिंजमध्ये एवढंसं ओढायचं, की पहिल्यांदा मला ती रिकामीच वाटली.

ऑपरेशनचा विषय निघाला तेव्हा सगळं घर एका बाजूला. "अंगाने भरू दे, वर्षाची होऊ दे, मग करू. एवढ्याशा जिवाला कापायचं?" बोलणं मायेचंच होतं. अडचण अशी, की भोक बुजल्याशिवाय ती अंगाने भरणारच नव्हती, जे पोटात जाई ते श्वास घेण्यातच खर्ची पडे. आणि थांबण्याची किंमत त्याहून मोठी होती. फुप्फुसाच्या नळ्यांवर जास्तीच्या रक्ताचा मारा होत राहिला की त्या जाड होतात, दाब चढतो तो कायमचा, आणि एका मर्यादेनंतर भोक बुजवताच येत नाही. डाउन सिंड्रोमच्या मुलांत हे इतरांपेक्षा लवकर होतं. म्हणून हे ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान उरकतात. मामंजी कधी मधे बोलत नाहीत. हे ऐकून ते एवढंच म्हणाले, "मग तारीख घ्या."

ऑपरेशन पुण्याला झालं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत. केशरी रेशनकार्ड होतं, त्यावर बाळाचं नाव नव्हतं. जन्मदाखला आणि आमच्या दोघांसोबत काढलेला तिचा फोटो यावर काम झालं. तो फोटो मात्र आधीच काढून ठेवा. आम्ही पहाटेच्या घाईत स्टेशनसमोर काढला आणि हुतात्मा एक्सप्रेस सुटता सुटता राहिली. ऑपरेशनच्या दिवसाबद्दल मला लिहिता येण्यासारखं फारसं काही नाही, काचेच्या अलीकडे बसून होते. भोक ठिगळ लावून बुजवलं, एका झडपेच्या दोन केल्या. एक झडप थोडी गळते, म्हणून दरवर्षी एको असतो. घरी आल्यावर एका बैठकीत सगळं दूध संपवून ती माझ्याकडे टकामका बघत राहिली, कपाळ कोरडं.

यानंतर आम्ही जरा सैलावलो. हृदय झालं, आता काय! पण वर्षाची होत आली तशी ती मंदावली. बद्धकोष्ठ, कातडी कोरडी, पायाला हात लावावा तर गार, दिवसभर झोप. तेव्हा आम्ही नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी म्हणून दुसरीकडे नेलं. तिथे ऐकायला मिळालं, "ही मुलं अशीच असतात. मंद असतात, पोट साफ होत नाही, चालायचंच."

हे वाक्य मी नंतर कितीतरी जणांकडून ऐकलं. शिकलेल्यांकडूनही, कळवळ्याने बोलणाऱ्यांकडूनही. ते खोटं नसतं म्हणूनच घातक. या मुलांचे स्नायू सैल असतात, त्यामुळे बद्धकोष्ठ होतं, ती उशिरा बसतात, उशिरा चालतात, हे खरंच आहे. पण थायरॉइड कमी पडला तरी नेमकं हेच होतं, आणि या मुलांत थायरॉइड बिघडण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा पुष्कळ जास्त असतं. नुसतं बघून दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणूनच लक्षणांची वाट न बघता ठरल्या वेळी रक्त तपासायचं असतं: जन्मल्यावर, सहा महिन्यांनी, वर्षाला, आणि मग दरवर्षी. हिचं जन्माच्या वेळचं नॉर्मल, सहा महिन्यांचंही नॉर्मल. वर्षाचं केलं तर टीएसएच चढलेलं, म्हणजे थायरॉइड कमी पडत होता.

गोळी सुरू झाली. रोज सकाळी उपाशीपोटी, चमच्यात चुरून घोटभर पाण्यात. दुधाच्या बाटलीत टाकायची नाही, बाटली पूर्ण संपली नाही तर किती पोटात गेलं ते कळत नाही. लोहाचं किंवा कॅल्शियमचं औषध चालू असेल तर चार तासांचं अंतर. महिन्याभरात पोरगी घरभर सरपटू लागली आणि सासूबाईंनी उंबऱ्याला पाट आडवा लावला.

कानाची गोष्ट गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत कळली. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक बघायला आम्ही उभे होतो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात उंच काठ्या, "हर्र बोला हर्र" आणि हलगी. कडेवर असलेली लेक हलगीच्या दिशेला गर्रकन वळली. शेजारच्या पद्मशाली मावशी खूश, "बघ की, कशी वळूलाली! कान एकदम झकास आहेत." मलाही बरं वाटलं. पण घरी मी पाठीमागून नाव घेतलं तर ती ढिम्म. कुकरच्या शिट्टीला दचकायची आणि हाकेला नाही. घरात दोन तट पडले, एक म्हणे हट्टी आहे, दुसरा म्हणे अजून कळत नाही तिला.

कानाच्या डॉक्टरांनी आधी मळ काढला. या मुलांच्या कानाची नळीच अरुंद असते, पडदा धड दिसतही नाही. मग कानाला रबरी बोंडी लावून दाबाची तपासणी केली. यंत्रातून निघालेल्या कागदावर डोंगरासारखी रेघ यायला हवी होती, ती आडवी सपाट आली. पडद्यामागे पाणी साठलेलं. अशा वेळी मोठा आवाज पोचतो, हलगी पोचते, कुकर पोचतो, पण बोलण्यातली बारीक अक्षरं पोचत नाहीत. आणि जे ऐकूच येत नाही ते मूल बोलणार कसं? काही महिने वाट बघितली, पाणी ओसरलं नाही, मग पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. त्यानंतर पहिला नवा शब्द आला तो 'भाकई'. भाकरीचा आमच्याकडे तुटवडा नाही, त्यामुळे तो लगेच फळालाही आला.

भाकरीवरून आठवलं. या मुलांत गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजारही जास्त आढळतो. पोट फुगतंय का, वजन अडलंय का, असं डॉक्टर दर वेळी विचारतात. हिला तसं काही नाही. असतं तरी सोलापुरात तिचं फार अडलं नसतं, ज्वारीत ग्लुटेन नसतंच.

बाकीचं भराभर सांगते. दात उशिरा आले, दीड वर्ष उलटल्यावर, आणि क्रम सोडून. डोळ्यांना नंबर निघाला, पण नाकाला दांडाच नसल्यामुळे चष्मा घसरायचा. नवी पेठेतल्या चष्मेवाल्याने मागून इलॅस्टिकचा पट्टा लावून दिला, आता टिकतो. जीभ मोठी असते असं लोक म्हणतात, खरं तर तोंड लहान आणि स्नायू सैल, म्हणून ती बाहेर येते. जन्मल्यावर रक्तातल्या पेशी मोजून घेतल्या होत्या, कारण या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. अजूनही अंगावर निळे डाग किंवा न उतरणारा ताप दिसला की पहिली धाव रक्ताकडे. उंची-वजनाचा तक्ताही या मुलांसाठी वेगळा मिळतो, तो मागून घ्यावा. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिलच्या रांगा झाल्या, यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं ओळखपत्र, आलं, आणि नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना घेतली. तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो आणि आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत, ही मोठी सोय.

चार वर्षांची असताना उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायला लागलो आणि तिचं घोरणं शेजारच्या गच्चीवरून विचारायला लागले. ती झोपेत उठून मांडी घालायची, पुढे वाकून डोकं गादीवर टेकवायची आणि तशीच झोपायची. सासरे म्हणायचे, योगी आहे. "ही मुलं अशीच असतात" पुन्हा आलंच. पण घोरता घोरता मधेच आवाज बंद व्हायचा, मी मनात आकडे मोजायची, आणि मग ती हुंदक्यासारखा श्वास ओढायची. आडवं पडल्यावर घसा बंद होत होता, म्हणून ती वाकून झोपत होती. रात्रभर तारा लावून झोपेची तपासणी झाली, मग टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी काढल्या.

त्या ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मानेबद्दल विचारलं, आणि मानेचा विषय मला तेव्हा नीट कळला. मानेचे वरचे दोन मणके ज्या दोऱ्यांनी बांधलेले असतात, त्या काही मुलांत सैल असतात. भूल दिल्यावर मान फार मागेपुढे झाली तर मज्जारज्जूला धक्का बसू शकतो, म्हणून ती सरळ रेषेत धरून काम करतात. त्रास नसताना उगाच एक्स-रे काढत बसायची गरज नाही. पण चाल बदलली, मान एका बाजूला धरायला लागली, हातापायातला जोर गेला किंवा शी-शूवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं. कोलांटउड्या नकोत, आणि गड्ड्यातली उड्या मारायची जाळीही नको. त्या जाळीसमोर तिने दोन वर्षं भोकाड पसरलं आहे.

यंदा ती पहिलीत गेली. शाळेत मी डॉक्टरांची चिठ्ठी दिली आणि पीटीच्या सरांना स्वतः भेटून सांगितलं, कोलांटउडी नाही, मानेवर वजन येईल असं काही नाही, बाकी सगळं करू द्या. सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"लंगडी चालेल?"

"चालेल की."

"चालेल हो, पण ती बाद झाली तरी बाहेर जात नाही. काल दोघांना तिनेच बाहेर काढलं."

त्यावर डॉक्टरांची चिठ्ठी आणता येत नाही, असं मी त्यांना सांगितलं.